लढाई सुरू होण्याआधी: रियल-टाइम स्ट्रॅटेजी गेममध्ये सुधारायचं कसं

अठरावं मिनिट चालू असतं. समोरच्याचे सहा नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, तुमच्या शेतांत घुसतात, व्हिलेजर (काम करणारी माणसं) सैरावैरा पळतात, तुमचे चार भालाईत भलत्याच टोकाला उभे असतात आणि दोन मिनिटांत सगळं संपतं. नवा खेळाडू यातून दोनपैकी एक गोष्ट मनाशी धरतो: नाइट फार भारी आहेत, नाहीतर आपला हात हळू चालतो.

आता त्याच खेळाचा रिप्ले लावा आणि या वेळी लढाईकडे बघूच नका. फक्त स्वतःच्या टाऊन सेंटरवर, म्हणजे व्हिलेजर तयार करणाऱ्या मुख्य इमारतीवर, नजर ठेवा. चौथ्या मिनिटाला घरं कमी पडली म्हणून ते ३० सेकंद थांबलं. सहाव्या मिनिटाला तुम्ही रानडुकराच्या मागे होतात, तेव्हा ४५ सेकंद. पुढे आणखी २५. एकूण १०० सेकंद. 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे तुमचे चार व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. एक जण मिनिटाला साधारण २० एकक माल गोळा करतो. चार जणांचे दहा मिनिटांत झाले ८००. नाइटची किंमत ६० अन्न आणि ७५ सोनं, मिळून १३५. भागाकार करा: जवळजवळ सहा. जे सहा घोडे तुमच्या शेतात घुसले, तेवढ्याच घोड्यांचा माल तुम्ही त्या १०० सेकंदांपायी गमावून बसला होतात.

हा हिशेब मी पहिल्यांदा स्वतःच्या रिप्लेवर मांडला, तेव्हापासून माझी या खेळाकडे बघायची नजरच बदलली. म्हणून या लेखात लढाई उशिरा येते. आधी घर सांभाळायचं.

उदाहरणं मुख्यतः 'एज ऑफ एम्पायर्स २' च्या डेफिनिटिव्ह एडिशनमधली आहेत, कारण नवखे बहुधा तिथूनच सुरुवात करतात. अधूनमधून 'स्टारक्राफ्ट २' येईल. आकडे वेगळे असले तरी दोन्हीकडे गणित एकच आहे.

पहिली पायरी: निवड कमी करा

एक गेम, एक सिव्हिलायझेशन (ज्यांच्या बाजूने खेळायचं ते लोक), एक नकाशा, एक सुरुवात. किमान पन्नास खेळ तरी यातलं काही बदलायचं नाही.

'एज २' मध्ये चाळीसहून जास्त सिव्हिलायझेशन आहेत आणि प्रत्येक हरल्यावर ती बदलून बघण्याचा मोह होतो. पण सगळं बदलत राहिलं तर काल नेमकं काय चुकलं होतं ते कळायला मार्गच उरत नाही. घोडदळ आवडत असेल तर फ्रँक्स घ्या, धनुर्धारी आवडत असतील तर ब्रिटन्स. फ्रँक्सना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात आणि ब्रिटन्सचे व्हिलेजर मेंढ्यांवर भरभर काम करतात, त्यामुळे नवख्याच्या पोटापाण्याची सोय दोघांकडेही बरी होते. नकाशा अरेबिया. तो मोकळा आहे, तिथे लपता येत नाही, आणि म्हणूनच तो लवकर शिकवतो. 'स्टारक्राफ्ट २' मध्ये टेरन, झर्ग आणि प्रोटॉस अशा तीनच जमाती आहेत. जी डोळ्यांना आवडेल ती घ्या आणि तिच्याशी एकनिष्ठ राहा.

दुसरी पायरी: डावा हात

माउसने टाऊन सेंटर शोधायचं, त्यावर क्लिक करायचं, मग कोपऱ्यातलं व्हिलेजरचं चित्र दाबायचं. यात दोन सेकंद जातात आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे नजर हलते. एच दाबलं की टाऊन सेंटर निवडलं जातं, त्यानंतर व्हिलेजरची कळ. नजर जिथे होती तिथेच राहते. रिकाम्या बसलेल्या व्हिलेजरसाठी पूर्णविरामाची कळ आहे. कंट्रोल आणि आकडा एकदम दाबून सैन्याचा गट बांधता येतो, मग नुसता आकडा दाबला की तो गट हातात. सुरुवातीला एवढ्याच कळा पुरेत.

त्यात एकच भर घाला: शिफ्ट. व्हिलेजरला घर बांधायला सांगा आणि शिफ्ट धरून झाडावर राइट क्लिक करा. घर झालं की तो आपणहून लाकडाला लागतो, परत जाऊन सांगावं लागत नाही. रिकाम्या व्हिलेजरांची संख्या या एका सवयीने निम्म्यावर येते, हा माझा अनुभव आहे.

पहिला आठवडा या कळांमुळे, म्हणजे हॉटकीमुळे, तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळाल. बोटं चुकीच्या कळेवर पडतील, जिंकायचे खेळ हराल. तरीही माउसवर परत जाऊ नका. दहाव्या-बाराव्या दिवशी बोटं स्वतःहून जागा शोधू लागतात.

तिसरी पायरी: पहिली आठ मिनिटं, शत्रूशिवाय

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त फळही हीच देते. सर्वांत सोप्या पातळीचा कॉम्प्युटर समोर घ्या, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आणि फक्त फ्यूडल एजपर्यंतची, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगापर्यंतची, सुरुवात घोटा.

पहिले २५ सेकंद जवळून बघू. तुमच्याकडे तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) आहे, म्हणजे लोकसंख्या चार. टाऊन सेंटर पाच जणांनाच जागा देतं. पहिला व्हिलेजर बाहेर आला की पाच पूर्ण. त्या क्षणी घर तयार नसेल तर टाऊन सेंटर तिथेच अडकतं. घर एकट्याने बांधायला २५ सेकंद लागतात आणि व्हिलेजर तयार व्हायलाही २५. म्हणजे खेळ उघडताच पहिल्या दोन-तीन सेकंदांत दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत: टाऊन सेंटरमध्ये व्हिलेजर रांगेला लावणं आणि दोन व्हिलेजरांकडून दोन घरं सुरू करणं. प्रत्येक घराला २५ लाकूड. दोन्ही उभी राहिली की पंधरा जणांपर्यंत चिंता नाही. तिसऱ्याला रिकामा ठेवू नका, त्याला लगेच झाडावर पाठवा.

मग पहिले सहा जण मेंढ्यांवर, तेही टाऊन सेंटरच्या अगदी भिंतीला लागून, म्हणजे अन्न पोचवायला चालावं लागत नाही. एका वेळी एकच मेंढी कापा. कापलेल्या मेंढीचं अन्न सडत जातं, दोन-तीन उघड्या ठेवल्या तर ते वाया जातं. पुढचे चार लाकडावर. त्यापुढचा एक जण रानडुक्कर आणायला: लांबून एक-दोन बाण मारायचे आणि टाऊन सेंटरकडे पळत सुटायचं, तिथे बाकीचे मिळून त्याला लोळवतात. एका डुकराचं ३४० अन्न मिळतं, मेंढीचं १००. मधल्या काळात गिरणी बांधून चार जण बेरींच्या झुडपांवर, आणि उरलेले अन्न आणि लाकूड यांत वाटायचे. डुकरामुळे एखादा व्हिलेजर मेला तर खेळ सोडून देऊ नका. ती चूक झाल्यावरही पुढची सुरुवात नीट पार पाडायची सवय लागली पाहिजे, कारण खऱ्या सामन्यात हेच होणार आहे.

आता मोजमाप. २१ व्हिलेजर झाल्यावर फ्यूडलचं बटण दाबायचं ठरवा. सुरुवातीचे तीन सोडून १८ तयार करायचे, १८ गुणिले २५ म्हणजे ४५० सेकंद. त्यात व्हिलेजरांना जास्त टिकाऊ करणारी लूमची सुधारणा, तिलाही २५. एकूण ४७५, म्हणजे ७ मिनिटं ५५ सेकंद. टाऊन सेंटर एक क्षणही थांबलं नाही तर घड्याळ इथे असतं. तुमचं बटण ९ मिनिटं ३५ सेकंदांना दाबलं गेलं, तर वरचे १०० सेकंद टाऊन सेंटर थांबलं होतं. यात मताला जागाच नाही, म्हणूनच मला हा सराव इतका आवडतो: कोणी गुरू नसला तरी घड्याळ खरं सांगतं. फक्त एक लक्षात ठेवा, गेममधलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या १.७ पट पळतं. आठ मिनिटांची सुरुवात प्रत्यक्षात पाच मिनिटांच्या आत उरकते, त्यामुळे अर्ध्या तासात ती पाच-सहा वेळा सहज घोटून होते.

रोजचा आकडा वहीत लिहा. ९:३५, ९:१०, ९:२०, ८:५०. साडेआठच्या आत सलग तीनदा आलात की पुढे जा. ७:५५ साठी अडून बसू नका.

चौथी पायरी: माल साठवायचा नसतो, खर्चायचा असतो

वरच्या पट्टीत ९०० लाकूड आणि ७०० अन्न दिसलं की नवख्याला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. पण तो माल लढत नाही, गोळा करत नाही, बांधत नाही. साठा वाढतोय याचा अर्थ एकच: उत्पादनाच्या इमारती कमी आहेत किंवा व्हिलेजर चुकीच्या जागी आहेत.

हिशेब सोपा आहे, पण कोणी बसून करत नाही. टाऊन सेंटर २५ सेकंदांना ५० अन्न खातं, सेकंदाला दोन. ते नुसतं चालू ठेवायला अन्नावर किमान सहा जण हवेत. धनुर्धाऱ्याला २५ लाकूड, ४५ सोनं आणि ३५ सेकंद लागतात. म्हणजे एक आर्चरी रेंज (धनुर्धारी तयार करणारी इमारत) अखंड चालवायला सोन्यावर साधारण चार आणि लाकडावर दोन जण. दोन रेंज हव्यात तर दुप्पट, वर घरांसाठी आणि शेतांसाठी लाकूड वेगळं. हे एकदा कागदावर मांडलं की 'सोनं पुरत नाही' ही तक्रार बंद होते, कारण सोन्यावर तीनच माणसं होती हे दिसतं.

रांग लावताना एक सांभाळा. पाच व्हिलेजर एकदम रांगेत टाकले की २५० अन्न त्याच क्षणी कापलं जातं, आणि चार जणांचं अन्न उगाच अडकून राहतं. दोनची रांग बरी. मात्र लढाईत डोकं घालणार असाल तर चार-पाच टाका. अडकलेल्या अन्नापेक्षा थांबलेलं टाऊन सेंटर महाग पडतं.

घरांचं सूत्र: फक्त व्हिलेजर बनत असतील तर दर दोन मिनिटांना एक घर, सैन्यही बनत असेल तर त्याच्या दुप्पट. 'स्टारक्राफ्ट २' मध्ये घरांऐवजी सप्लाय डेपो किंवा पायलन असतो, तो १०० मिनरलला (तिथला मुख्य माल) ८ जागा देतो. तिथे वेग जास्त, त्यामुळे विसरलात तर दुखतंही जास्त.

पाचवी पायरी: समोर काय शिजतंय ते बघा

स्काउट आधी स्वतःच्या गावाभोवती फिरवा. अरेबियावर आठ मेंढ्या आणि दोन रानडुकरं तुमची असतात, ती सापडली पाहिजेत. सोनं आणि दगड कुठे आहेत तेही बघून ठेवा. मग सहाव्या-सातव्या मिनिटाच्या सुमारास समोरच्याकडे जा.

तिथे जाऊन नुसतं फिरू नका, एक प्रश्न घेऊन जा: सोन्यावर कोणी आहे का? धनुर्धाऱ्याला सोनं लागतं. स्काउट घोडेस्वाराला ८० अन्न लागतं, सोनं अजिबात नाही. फ्यूडलच्या तोंडाशी त्याच्या सोन्याच्या खाणीपाशी चिटपाखरू नाही आणि स्टेबल (घोडदळ तयार करणारी इमारत) उभं राहतंय, तर घोडे येणार. दोन भालाईत तयार ठेवा, लाकूडतोड्यांजवळ. सोन्यावर चार जण आणि आर्चरी रेंज दिसली, तर धनुर्धारी येणार, स्कर्मिशर (धनुर्धाऱ्यांवर भारी पडणारे भालाफेके) बनवा. त्यांना सोनं लागत नाही, त्यामुळे तुमची पुढची योजना मोडत नाही.

एवढंच. एका प्रश्नाचं उत्तर आणून त्यावर एक कृती केलीत तर तुमच्या पातळीच्या बहुतेकांपेक्षा तुम्हाला जास्त दिसतंय.

सहावी पायरी: आता लढाई

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने १९१६ मध्ये लांबून मारा करणाऱ्या सैन्यांचं एक गणित मांडलं. सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर सैन्याची ताकद संख्येच्या प्रमाणात नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा धनुर्धारी विरुद्ध सहा: १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ आठ. म्हणजे सहाच्या सहा मरतात आणि दहातले आठ उरतात. सहा जणांनी दोनच मारले. गेममध्ये भूभाग, चिलखत, हात चालवण्याचं कौशल्य यांनी आकडा हलतो, पण कल तोच राहतो.

आता तेच सहा जण तीन-तीनच्या दोन तुकड्यांत गेले तर? पहिल्या तुकडीनंतर १०० वजा ९, म्हणजे ९१. दुसरीनंतर ८२, वर्गमूळ नऊ. दहातला जेमतेम एक मारला. नवे खेळाडू अगदी हेच करतात: रेंजमधून बाहेर पडलेला प्रत्येक धनुर्धारी थेट लढाईत पाठवतात. रॅली पॉइंट (नवे सैनिक आपोआप जिथे जातात ती जागा) लढाईत ठेवू नका, स्वतःच्या गावाजवळ ठेवा, आणि गट भरला की एकत्र निघा. गट लहान आहे आणि समोर मोठा दिसला तर मागे फिरा. मागे फिरण्यात काही गेलं नाही, घरी उत्पादन चालूच आहे.

बाकी थोडक्यात. उंचावरून मारलेला घाव २५ टक्के जास्त लागतो, म्हणून टेकडी पकडा. धनुर्धारी आठ-दहा झाले की बाणांचा मारा आणि पल्ला वाढवणारी फ्लेचिंगची सुधारणा आणखी दोन धनुर्धाऱ्यांपेक्षा जास्त कामाची. भालाईत घोड्यांवर, स्कर्मिशर धनुर्धाऱ्यांवर, नाइट धनुर्धाऱ्यांवर, ही साखळी पाठ करा, बाकीची हळूहळू येईल.

आणि लढाई चालू असताना मध्येच एच दाबा. लढाई सुटली तरी चालेल, एच चुकवू नका. दोन धनुर्धारी जास्त मेले म्हणून खेळ हरत नाही, मिनिटभर घर विसरलात तर हरता.

हात हळू आहे याची चिंता करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या अल्फास्टार या प्रोग्रॅमने २०१९ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' च्या ग्रँडमास्टर पातळीपर्यंत मजल मारली, आणि तेव्हा त्याच्या कृतींच्या वेगावर मुद्दाम मर्यादा घातलेली होती. त्याच वर्षी जानेवारीत दाखवलेल्या त्याच्या सामन्यांत लोकांच्या डोळ्यांत भरली ती वेगळीच सवय: एका तळावर मिनरलसाठी १६ कामगार पुरे असं सगळे धरून चालत, आणि हा बिनदिक्कत त्यापेक्षा जास्त बनवत होता.

सातवी पायरी: माणसांशी खेळा

कॉम्प्युटरशी वर्षभर खेळलात तरी माणूस काय करतो ते कळत नाही. आठ मिनिटांची सुरुवात हाताला बसली की रँक्ड, म्हणजे रेटिंगचे सामने, सुरू करा. 'एज २' मध्ये सगळ्यांचं रेटिंग १००० पासून सुरू होतं आणि नवखा खेळाडू सहसा त्याच्या खालचा असतो. म्हणून पहिले दहा-पंधरा खेळ बहुतेक हरालच. ते हरणं म्हणजे तुमची जागा शोधली जाणं. जागा सापडली की अर्धे जिंकाल, अर्धे हराल, आणि पुढे कितीही सुधारलात तरी साधारण अर्धेच जिंकाल, कारण समोरचाही तेवढाच तगडा मिळत जातो. हे आधीच माहीत असलं की बटण दाबताना पोटात गोळा येत नाही.

बसल्या बैठकीला तीन खेळ पुरेत. सलग दोन हरलात तर उठा. चिडून खेळलेल्या चौथ्या खेळात हात जुन्या सवयींवर जातो आणि आठवड्याची मेहनत बिघडते. मनगट दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी नाही.

आठवी पायरी: हरलेला रिप्ले

जिंकलेला बघायला छान वाटतं, शिकवतो हरलेला. पूर्ण बघायची गरज नाही. सुरुवातीपासून लावा आणि तीन जागा शोधा: टाऊन सेंटर पहिल्यांदा कधी थांबलं, एखादा माल ५०० च्या वर पहिल्यांदा कधी गेला, आणि समोरच्याची योजना तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसायला हवी होती. तिसऱ्यासाठी रिप्ले त्याच्या बाजूने बघा. त्याचं स्टेबल दहाव्या मिनिटाला उभं राहतंय आणि तुमचा स्काउट तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात विसरलेला आहे, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की दहा लेख वाचायची गरज राहत नाही.

वहीत एकच ओळ लिहा, पुढच्या खेळासाठी. 'लाकडावर चौघं गेले की तिसरं घर.' 'सातव्या मिनिटाला त्याचं सोनं बघ.' दोन ओळी लिहिल्यात तर एकही पाळली जात नाही.

मोठ्या खेळाडूंचे सामने जरूर बघा. 'एज २' मध्ये नॉर्वेचा द वायपर आणि कॅनडाचा हेरा ही नावं लगेच सापडतील. पण त्यांच्या लढाया बघू नका, पहिली दहा मिनिटं बघा. पॉज करा आणि मोजा: आत्ता लाकडावर किती, अन्नावर किती, घर किती जागा शिल्लक असताना सुरू केलं. मग त्याच मिनिटाचा स्वतःचा रिप्ले शेजारी लावा.

पन्नास खेळ झाल्यावर वही चाळा. एकच ओळ पुन्हा पुन्हा आली असेल तर तेवढ्यासाठीच पुन्हा सोप्या कॉम्प्युटरसमोर बसा. ओळी दर वेळी नव्या असतील, तर आता दुसरी सुरुवात शिकायला घ्या: घोड्यांनी सुरू करत असाल तर धनुर्धाऱ्यांनी. नकाशा आणि सिव्हिलायझेशन मात्र तेच ठेवा, आणि घड्याळ पुन्हा वहीत लिहायला लागा.